निर्माल्याचा वेगळा ड्रम

परदेशातल्या एका विद्यापीठाचे विद्यार्थी पर्यावरणाचा अभ्यास करायला सत्रभर मुंबईत येतात. त्यांची इथली व्यवस्था मी बघते: राहणं, जेवण, कामाची जागा. गेल्या वर्षी मुलुंडच्या एका सोसायटीने त्यांना आवारातलं खताचं काम दिलं. घरोघरचा ओला कचरा घ्यायचा, ड्रममध्ये थर लावायचे.

सुरुवातीलाच घोळ झाला. एका मुलीला गेटपाशी फुलांची पिशवी दिसली. खताला उत्तम, म्हणून तिने ती ड्रममध्ये ओतली. ते निर्माल्य होतं आणि ड्रममध्ये खाली कोळंबीची सालं.

सेक्रेटरीबाई मालवणकडच्या. मासे त्यांच्याही घरचे, पण देवाची फुलं त्यात? "अगो, वाट लावलीत!" त्या मला म्हणाल्या. "उद्यापासून तुझी पोरं इथे नकोत."

काम थांबलं तर त्या मुलीचं सत्र वाया जाणार होतं. घाटकोपरची एक जागा मी नेहमी राखून ठेवते. फोन हातात घेतला, तर विद्यार्थ्यांबरोबर आलेल्या त्यांच्या प्राध्यापकबाईंनी मला थांबवलं.

"जागा बदलून ती काय शिकेल? मुंबईत दुसरी जागा पटकन मिळते, एवढंच."

संध्याकाळी आम्ही तिघी सेक्रेटरीबाईंकडे गेलो. दुभाषी मी. मुलीने माफी मागितली आणि विचारलं, "मग ही फुलं कुठे जायला हवीत?"

"पूर्वी खाडीत सोडायचो. आता सोडू देत नाहीत. पिशवी गेटपाशी ठेवतो, मग..." सेक्रेटरीबाई अडखळल्या. "मग कचऱ्याच्या गाडीतच जात असणार, नाही का गं?"

माझ्या ओठांवर उपाय तयार होता. प्राध्यापकबाईंनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला. इतकी वर्षं कामं उरकणारी मी, त्या दिवशी गप्प बसणं किती कामाचं असतं ते पाहिलं.

"वेगळा ड्रम ठेवाल?" सेक्रेटरीबाईच म्हणाल्या. "खत फक्त तुळशींना घालायचं. आणि काम हिनेच करायचं. हात धुऊन! कोळंबीकडे फिरकायचं नाही, सांग तिला."

मी सांगितलं. मुलगी हसली आणि सत्रभर तिने तो ड्रम सांभाळला.

यंदा नवी तुकडी आली. यादी घेऊन मी पुढे होईपर्यंत सेक्रेटरीबाई मुलांना त्या ड्रमपाशी घेऊनही गेल्या होत्या.

"हा आमच्या पोरीचा," त्या सांगत होत्या. "कोळंबी तिकडे."