डाव्या दाराची गाडी आणि गल्लीच्या कुरडया

काळेवाडीत आमच्या गल्लीत माझी एक गाडी उभी असते. असते म्हणजे असतेच. ती कुठं जात नाही, त्यामुळं कुठून येतही नाही. कधीकाळी ती टॅक्सी होती. टपाचा पिवळा रंग अजून शिल्लक आहे, खालचा काळा बहुतेक गंजानं खाल्ला. पुढचं एक चाक भलत्याच गाडीचं आहे. बंपर तारेनं बांधलाय. मागं काचेच्या जागी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलाय, त्यावर अर्धं सूर्यफूल दिसतं. लोक विचारतात, "काका, ही चालते का?" मी म्हणतो, डावं दार उघडून लावून बघा.

कारण डावं दार मी केलंय.

भोसरीत एका वर्कशॉपात पत्रा दाबायच्या प्रेसवर माझी सगळी नोकरी गेली. आमच्याकडं गाड्यांच्या दारांचं काम यायचं, आणि तेही फक्त डाव्या दारांचं. उजवी कुणाकडं जायची ते मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. शिफ्ट संपली की सायकल आणि घर. रिटायर झालो तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते सगळं घेऊन घरी आलो तर बायको म्हणाली, "जन्मभर डावी दारं केलीत. आता उरलेली गाडी कधी दाखवताय?"

तिनं चेष्टेनं म्हणलं होतं. मी मनावर घेतलं. मी चौथी शिकलेला माणूस, मला चेष्टा दुसऱ्या दिवशी कळते. तोवर मी भंगारवाल्याकडं जाऊन आलो होतो.

गाडी टेम्पोवर बसून आली. बायकोनं कुंकू लावलं, फुलं वाहिली आणि बॉनेटवर नारळ फोडायला घेतला. नारळ फुटला नाही. बॉनेटला पोचा आला. तो पोचा आजही आहे, पावसाळ्यात त्यात चिमण्या पाणी पितात.

आधी मी दार घेतलं, कारण मला तेवढंच येत होतं. असं बसवलं की बोटानं ढकललं तरी खट्ट करून लागतं. मग बायको म्हणाली, आता हॉर्न करा. मी म्हणलं, आधी इंजिन. ती म्हणाली, "इंजिनाचं बघू मागनं. गाडी चालली नाही तरी चालेल, पण आपण रस्त्यात आहोत एवढं तरी लोकांना कळलं पाहिजे." म्हणून हॉर्न केला. वायर कुठं चुकली देव जाणे, स्टेअरिंग डावीकडं वळवलं की तो आपोआप वाजतो आणि सरळ केल्याशिवाय थांबत नाही. इंजिन मी गोणपाटावर खोलून ठेवलं, पुसलं, परत जोडलं. जोडून झालं तेव्हा लोणच्याची एक बरणी भरून नटबोल्ट उरले. बायको बरणीकडं बघून म्हणाली, "बरं झालं, बचत झाली."

संध्याकाळी आम्ही फिरायला जायचो. म्हणजे गाडीत जाऊन बसायचो. ती चहाचा थर्मास आणि चिवडा घ्यायची, डाव्या सीटवर तिची उशी होती. तिचं माहेर चाकणच्या पुढं एका वाडीत. आमची गाडी रोज तिच्या माहेराला निघायची. मी स्टेअरिंग धरायचो, सरळ. ती सांगायची, "भोसरी आली. आता मोशी. आता सावकाश घ्या, चाकणला ट्रॅफिक लागलाय." तिथं आम्ही अडकायचो. रोज चाकणलाच अडकायचो. चहा तिथंच प्यायचो आणि अंधार पडला की घरात. खरं सांगू का, चाकणच्या चौकात खरोखर अडकलेले लोकही आमच्यापेक्षा काही जास्त पुढं जात नव्हते, आणि त्यांच्याजवळ चिवडाही नव्हता.

मागच्या थंडीत ती गेली. ताप आला, दवाखाना झाला, आणि मग ती नव्हती. यापुढं मला त्यावर लिहिता येत नाही. गाडीत मी अजून बसतो. तिची उशी अजून तिथंच आहे.

तर आता तक्रारीचं सांगतो.

समोर एक सोसायटी आहे, तिचे चेअरमन माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. सकाळी हास्यक्लबात जाऊन खूप हसून येतात आणि गल्लीत शिरताना माझी गाडी दिसली की गंभीर होतात. "काका, हे कधी हलवताय?" मी म्हणायचो, चालू झाली की. ते म्हणायचे, "डास होतात त्यात." मी म्हणायचो, डासांना काचा खाली करून ठेवलेल्या आवडत नाहीत. मग ते म्हणायचे, "पाहुणे येतात, काय म्हणतील?" मग मी बंपरची तार आवळायला वाकायचो.

दुसरा तक्रारवाला त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. हिंजवडीला कंपनीत आहे. त्याची गाडी एवढी मोठी की तिला सोसायटीचं गेट पुरत नाही, म्हणून ती रस्त्यावर लावायची असते आणि त्याला माझीच जागा हवी असते. गाडीला मागं बघायला कॅमेरा आहे, तरी तो माझ्या गाडीवर आपटला. माझ्या गाडीला कुठं लागलं ते मला सापडलं नाही. त्याचा मागचा दिवा फुटला. तक्रार त्यानंच केली.

मग सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या गाडीचा फोटो फिरला, पालिकेत अर्ज गेला, आणि एक दिवस पुढच्या काचेवर कागद चिकटवलेला दिसला. बेवारस वाहन. मुदतीत हलवावे, अन्यथा उचलून नेण्यात येईल. मी तो खरवडायला गेलो तर निघेना. बेवारस हा शब्द मला फार लागला. मी जिवंत माणूस फडकं घेऊन तिच्या शेजारी उभा होतो. भंगारात गेली असती तर दार गेलं असतं, उशी गेली असती, संध्याकाळी मी कुठं बसलो असतो? घरात? घरात घड्याळ आहे.

मी चेअरमनना म्हणलं, उचलायला सांगू नका. ते म्हणाले, "काका, माझा वैयक्तिक काही राग नाही. पण नियम म्हणजे नियम."

आता मधे कुरडयांचं सांगायला लागेल. सोसायटीच्या गच्चीवर सोलरच्या पाट्या बसल्या, उरलेल्या जागेत कबुतरं. उन्हाळ्यात बायकांना वाळवणाला जागा राहिली नाही. माझ्या बायकोनं पहिल्यांदा गाडीच्या टपावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि त्यावर कुरडया घातल्या. खालून पत्रा तापलेला, वरून ऊन. अशा कडकडीत वाळल्या की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. पुढच्या उन्हाळ्यापासून पाळी लागली. टपावर कुरडया, बॉनेटवर सांडगे, डिकीवर पापड. कुणाची पाळी कधी ते सगळं बायको तोंडपाठ ठेवायची. ती गेल्यावर या उन्हाळ्यात बायका दारात येऊन घुटमळल्या. "काका, घालू का टपावर?" मी म्हणलं, घाला की. गाडी काय माझ्या एकट्याची होती काय.

मुदत संपल्यावर सकाळीच पालिकेची क्रेन आली. एक साहेब आणि एक क्रेनवाला. त्या सकाळी पाळी होती चेअरमनांच्या बायकोची.

त्या बाईनं तीन दिवस गहू भिजवलेला, वाटलेला, पहाटे उठून चीक शिजवलेला. क्रेन गल्लीत शिरली तेव्हा ती स्टुलावर उभी राहून सोऱ्यातून शेवटची कुरडई टपावर पाडत होती. अर्ज कुणी केलाय ते तिला माहीत होतं. क्रेन कधी येणार ते नवऱ्यालाही माहीत नव्हतं. आणि आज कुरडया आहेत हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण चीक दिसला की ते अर्धं पातेलं संपवतात.

क्रेनवाल्यानं हूक खाली सोडला. बाई स्टुलावरून ओरडली, "हात लावशील तर बघ!"

"मावशी, गाडी उचलायचीय."

"उचल ना. परवा ये."

साहेब म्हणाले, "बाई, ते कापड काढून घ्या."

"ओल्या आहेत त्या! आत्ता उचलल्या तर सगळा लगदा होईल. मुलीच्या सासरी जायच्यात. तिच्या सासूला काय लगदा पाठवू?"

"पण तक्रार आलेली आहे."

"कुणाची?"

साहेबांनी फोनमध्ये बघितलं आणि चेअरमनांचं आडनाव वाचलं. तेवढ्यात चेअरमन हास्यक्लबातून आले, ट्रॅकपँट घालून, घाम पुसत. क्रेन बघून खूश झाले. मग टप दिसला. मग टपापलीकडं बायको दिसली.

"या," ती म्हणाली. "तुमच्याच अर्जावर आलेत. उचला म्हणावं. कुरडयांसकट उचला, आणि मलाही उचला स्टुलासकट."

"अगं, मला काय माहीत तू आज…"

"काकू होत्या तोवर एक शब्द काढायची हिंमत नव्हती. त्या गेल्या तशी यांना नियम आठवले!"

चेअरमन माझ्याकडं बघायला लागले. मी डास शोधल्यासारखं इकडंतिकडं बघितलं.

साहेब बिचारे पेचात. एवढ्यात बाईनं सवयीनं चिकाच्या वाट्या भरून आणल्या, कारण चीक शिजला की दारात उभ्या माणसाला द्यायचाच, मग तो गाडी न्यायला आलेला का असेना. दूध-साखर घालून दिला. क्रेनवाला लातूरकडचा. त्यानं वाटी हातात घेऊन विचारलं, "तेल-मीठ न्हाई का घातलं?"

"चिकात मीठ?" बाई म्हणाली.

"आमच्याकडं तसंच खातेत, मावशी. साखर घालून लेकरं खातेत."

यावर गल्लीत दोन पार्ट्या पडल्या. साताऱ्याकडचे साखरेच्या बाजूनं, मराठवाड्यातले तेल-मिठाच्या. वरून गॅलरीतून कंपनीवाला ओरडला, "गाडीचं काय झालं?" एका बाईनं उलट त्यालाच विचारलं, "तुमच्याकडं मीठ का साखर?" त्याला माहीत नव्हतं. तो आईला फोन लावायला आत गेला.

वाटी चाटूनपुसून झाल्यावर साहेब मला म्हणाले, "बाबा, तक्रार अशी आहे की गाडी जागची हलत नाही म्हणून बेवारस. तुम्ही ती माझ्यासमोर हलवून दाखवा. मी लिहितो वापरात आहे. पण हलली पाहिजे."

मी किल्ली आणली. आत बसलो, डावीकडं उशी. किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरलं आणि गप्प झालं. परत फिरवली, तर खाकरलंही नाही. साहेबांनी मान हलवली. क्रेनवाल्यानं हुकाला हात घातला.

"ढकला की!" बाई म्हणाली. "हलली पाहिजे म्हणाले ना? चालू झाली पाहिजे असं कुठं म्हणाले? अहो, बघताय काय, लावा हात!"

आणि चेअरमन गाडीच्या मागं आले. सूर्यफुलावर दोन्ही हात टेकले. क्रेनवाला आला, कंपनीवाला फोन कानाला लावून खाली आला आणि एका हातानं ढकलायला लागला. बायकांनी चारी बाजूंनी धोतराची टोकं धरली. चाकं एवढी वर्षं एका जागी उभी, आधी हलेचनात. चेअरमन म्हणाले, "एक, दोन…" बाई ओरडली, "हळू! धक्का नका देऊ!" हळू आणि धक्का न देता गाडी कशी ढकलतात ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग कर्रर्र झालं आणि ती निघाली.

माणूस चालतो तेवढ्यानंच, पण निघाली. घरं मागं जायला लागली. मी स्टेअरिंग धरून बसलो होतो आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सुटलं बघ चाकण." नेमकं तेव्हाच समोर विजेचा खांब आला, म्हणून स्टेअरिंग डावीकडं घ्यायला लागलं आणि हॉर्न बोंबलायला लागला. त्या आवाजात माझं कुणाला ऐकू गेलं नाही ते बरंच झालं. बायका टपाबरोबर धावत होत्या, कुत्री भुंकत होती. एक कुरडई खाली पडली ती कुत्र्यानं नेली. मी स्टेअरिंग जरुरीपेक्षा जास्त वेळ डावीकडंच धरून ठेवलं. आपण रस्त्यात आहोत हे कळू दे सगळ्यांना.

गल्लीच्या पलीकडच्या बाजूला गाडी थांबली. साहेबांनी फोनवर काहीतरी लिहिलं, काचेवरच्या कागदावर पेनानं फुली मारली. चेअरमन कंबर धरून पायरीवर बसले. कंपनीवाला फोन खाली घेऊन म्हणाला, "आई म्हणते गूळ." कुणाला गुळाचं काय करावं ते कळेना.

पण ऐका. त्या बाजूला दुपारनंतर ऊन येत नाही. कुरडया अर्ध्या ओल्याच. म्हणून दुपारी परत ढकलली, जुन्या जागी. चेअरमनांनीच ढकलली, कारण बायकोनं सांगितलं. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनांचा मेसेज येतो: रविवारी सकाळी काकांची गाडी हलवणे, सर्वांनी उपस्थित राहावे. गाडी वापरात दिसली पाहिजे ना. कंपनीवाला येतो, त्याला तेवढाच व्यायाम. त्याची गाडी आता आमच्या मागं उभी असते आणि तिच्या बॉनेटवर सांडगे असतात.

परवा चेअरमनांच्या बायकोनं पापडाची परात आणली. टप भरलेला, बॉनेट भरलेलं. तिनं डावं दार उघडलं, उशीकडं बघितलं आणि थांबली. म्हणाली, "काका, इथं नको."

मी म्हणलं, ठेवा. ती असती तर तिनंच मांडीवर घेतली असती.

तिनं परात उशीवर ठेवली, बोटानं दार ढकललं. खट्ट झालं. संध्याकाळी मी उजवीकडून जाऊन बसलो, थर्मास घेऊन. पापड शेजारी. भोसरी आली, मोशी आली. चाकणला ट्रॅफिक होता.