घोड्याच्या घरातलं प्यादं

साळुंखेमामा बुद्धिबळ डाव्या हाताने खेळायचे. डावखुरे नव्हते, उजव्या हातात भाकरी असायची. कराडच्या आमच्या कॉलेजात ते वर्कशॉपचे शिपाई आणि मी ऑफिसात कारकून. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात जेवण आणि डाव दोन्ही उरकायचं. आधी जेवून घ्या, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "भाऊसाहेब, प्वाट पाच मिंटात भरतंय. डावाला येळ पुरत न्हाई. पर उष्ट्या हातानं राजाला शिवू न्हाई."

पन्नाशी उलटल्यावर ते माझ्याकडे शिकायला आले. लहानपणी पाटणजवळच्या त्यांच्या गावी आजोबांनी देशी बुद्धिबळ शिकवलेलं, तेवढीच शिदोरी. आता स्पर्धेत चालतात ते नियम मी पहिल्या दिवशी सांगितले. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, किल्लेकोट असा करायचा. तेवढ्यात घंटा झाली. एक नियम सांगायचा राहिला. त्या दिवशी तो खरोखरच राहिला, एवढं माझ्या बाजूने म्हणता येईल.

अभ्यासाला त्यांना वेळ कुठून असणार? घरी बायको लकव्याने अंथरुणाला खिळलेली. पहाटे उठून तिचं आवरायचं, भाकरी थापायच्या, मग एसटी. पाटण ते कराड तासाभराच्या वाटेत बसायला जागा मिळाली तरच अभ्यास. मी दिलेल्या झेरॉक्स कागदांवर दोन चालींत मात करायची कोडी होती. रोज एकच सोडवायचे. मी म्हणालो, जमत असेल तर दोन सोडवा. "एका तव्यावर दोन भाकरी भाजत न्हाईत," म्हणाले. हिशेब केला तर दिवसाला वीस मिनिटंही नसतील. पण सोडवलेलं कोडं ते विसरत नसत. हरलेला डाव घरी जाताना एसटीत मनात पुन्हा मांडत आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधी सांगत, "काल उंट हलवला, थितं मेलो."

पहिलं वर्षभर मी त्यांना सहज हरवलं. दुसऱ्या वर्षी घाम फुटू लागला. मी कॉलेजच्या स्टाफमधला विजेता, माझा कप ऑफिसच्या कपाटावर ठेवलेला. शिपायाकडून हरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. एका दुपारी माझा नुसता राजा उरला आणि त्यांचं एकुलतं प्यादं घोड्याच्या रांगेतून शेवटच्या घरात पोचलं. मी डाव सोडतो म्हणायला तोंड उघडलं होतं. मामांनी प्यादं उचललं, तिथं घोडा ठेवला आणि हळहळले, "नशिबात घोडाच."

मग मला उलगडलं. देशी खेळात प्यादं ज्याच्या घरात पोचेल तोच मोहरा मिळतो. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आजच्या नियमात कुठल्याही घरात वजीर मागता येतो, आणि एकट्या घोड्याने मात होत नाही. त्यांची कोडी दोन चालींची, त्यात प्यादं कधी शेवटच्या घरात जात नसे. नेमकं हेच सांगायचं राहिलं होतं. मी म्हणालो, "चालायचंच, मामा." डाव बरोबरीत सुटला.

त्यानंतर दोन वर्षं मी ते सांगितलं नाही. हळूहळू त्यांची प्यादी घोड्याच्या रांगेत ओढली जातील असा खेळू लागलो.

निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा सांगलीत मानांकनाची स्पर्धा होती. मामांना मानांकनाच्या यादीत एकदा नाव यायला हवं होतं. आईजवळ राहायला आष्ट्याहून मुलगी आली, तीन दिवसांसाठी. पुन्हा तिला सासरहून निघता येणार नव्हतं. एवढीच संधी होती. अर्ज मीच भरला. सोबतही गेलो. तेव्हाही बोललो नाही. यादीत नाव आलं तर उद्या ते माझ्याशी कशाला खेळतील, असं काहीतरी मनात होतं; नीट सांगता येत नाही.

शेवटची फेरी जिंकली की मानांकन, इथवर ते आले. समोर सांगलीचे एक बँक अधिकारी. त्यांचा नुसता राजा उरला होता, आणि मामांचं एक प्यादं. घोड्याच्या रांगेत. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभा होतो. मामांनी घोडा ठेवला. पंचांनी येऊन बरोबरी जाहीर केली. समोरचे गृहस्थ चकित होऊन म्हणाले, "काका, वजीर का नाही घेतला?"

"घोड्याच्या घरात वजीर कसा घ्यायचा?"

दोघं-तिघं हसले. पंचांनी नियम समजावला. मामा ऐकत होते, पण बघत माझ्याकडे होते.

परतीच्या एसटीत आष्टा आलं. मामा म्हणाले, "दोन वर्सं मी घोडा ठेवताना तुमी बघत हुता न्हवं?"

"ध्यानात आलं नाही, मामा."

"असंल. तुमच्या डोक्याला कामं लय."

दुसऱ्या दिवसापासून ते डबा वर्कशॉपमध्येच खाऊ लागले. सांगलीची गोष्ट ऑफिसात मीच सांगितली, हसू येईल अशी. मग कोणीही येता-जाता विचारी, "मामा, घोड्याला चारा घातला का?" त्यावर ते नुसती मान हलवत. निवृत्त झाले. वर्षभरात बायको गेली आणि गेल्या हिवाळ्यात ते.

मी दोन महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो. मुलगी आवराआवर करायला आली होती. तिने चहा केला. म्हणाली, "सांगलीला डाव गेला तवा गावात समदी तुमच्या नावानं बोलायची, गुरूनं शिकवलंच न्हाई म्हणून. आमचं अण्णा त्यांच्याशी भांडायचं. म्हणायचं, भाऊसाहेबांनी पैल्याच दिवशी सांगितलं हुतं, मीच इसरलो." मग तिने विचारलं, "आवं, खरंच सांगितलं हुतं न्हवं?"

मी हो म्हणालो.

नव्हतं सांगितलं.