अळीचा वाटा

सुनंदाकाकींचं नाव आधी घेतो. म्हात्रे सरांच्या त्या पत्नी. सर गेले त्या सकाळी, त्यांची मुलगी अजून पुण्याहून निघतच होती, तेव्हा काकींनी मला फोन केला. "सर गेले रे. तू ये. आणि सुट्टी मागायला घाबरत असशील तर मालकाला फोन दे, मी बोलते." नवरा समोर निजवलेला आणि ही बाई माझ्या सुट्टीची काळजी करते आहे... मी सीबीडी बेलापूरला एका झेरॉक्सच्या दुकानात मशीन चालवतो. मालकासमोर माझी बोबडी वळते हे काकींना सरांकडून कळलेलं असणार. मी गेलो, खांदा दिला, शेवटपर्यंत थांबलो, पण काकींच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. आता काही आठवडे झाले, तरी तो पहिला फोन कानातून जात नाही.

मी यवतमाळकडचा. शाळा आठवीत सुटली. कोणी काढून घेतलं नाही. कापूस वेचायच्या दिवसांत थोडे आठवडे गेलो नाही, मग मुलं पुढे निघून गेली आणि वर्गात शिरायची लाज वाटायला लागली. इकडे येऊन बरीच वर्षं झाली, तरी मला अजून सगळ्याची धास्ती वाटते. पान उलटं लागेल, वकिलाचा शिक्का अर्धाच येईल, कोणीतरी ओरडेल. सर पहिल्यांदा दुकानात आले ते हाताने लिहिलेली पानं घेऊन. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, रबरी चपला, बोलण्यात आगरी वळण. ते मूळचे बेलापूर गावातलेच. वडिलांची खाडीकाठची भातशेती शहरासाठी गेली तेव्हा सर शेतकी कॉलेजात होते. "ज्या शेतासाठी शिकायला गेलो, परत येईपर्यंत त्याचा सेक्टर झालेला," असं हसत सांगायचे. पुढे बियाण्यांच्या तपासणीत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर कॉलेजांमधून जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, बियाण्यांवर बोलायला लागले. त्या दिवशी मशीनमधून पानं येत होती आणि मी सवयीने वाचत होतो. एका पानावर कपाशीच्या शेताचं चित्र होतं, कडेने साध्या कपाशीच्या पाच ओळी. मी म्हणालो, "हे बियाणं आमच्याकडे फेकून द्यायचे." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "ते म्हाईत हाय रे. का फेकायचे, ते सांग." मला सांगता आलं नाही. "मग घरी विचारून ठेव," म्हणाले आणि सुटे पैसे न घेता गेले.

ज्यांचा कपाशीशी संबंध आला नाही त्यांना थोडक्यात सांगायला हवं. बीटी कपाशीच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष असतं. पण पुष्कळ अळ्यांत एखादी ते पचवून जगते. चहूकडे तीच कपाशी असली तर अशा जगलेल्यांचीच आपसांत पैदास होते आणि मग विष असून नसल्यासारखं. म्हणून पाच ओळी साध्या कपाशीच्या लावायच्या आणि तिथे अळीला सुखाने खाऊ द्यायचं. तिथून निघणारी साधी पाखरं त्या चिवट पाखरांत मिसळतात आणि पिल्लं पुन्हा विषाने मरणारी निपजतात. त्यासाठी बियाण्याबरोबर वेगळं छोटं पाकीट यायचं. आता साधं बियाणं मिसळूनच देतात. ती छोटी पाकिटं बांधावर, नाल्यात पडलेली मी लहानपणी किती पाहिली असतील. मी बाबांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "अळीसाठी पेराचं? थे का आपला जावई होय?" सरांना हे सांगितलं तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. नियम आम्ही केला खुर्चीत बसून, आणि नुकसान सोसायचं त्यांनी एकट्यांनी."

तेव्हापासून माझे रविवार बेलापूर गावात जाऊ लागले. सरांना आपलं सगळं म्हणणं शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत एका पत्रकात मांडायचं होतं. ते एक वाक्य सांगत, मी फोन स्पीकरवर टाकून ते बाबांना वाचून दाखवी, आणि बाबा "नाही समजलं" म्हणाले की सर ते वाक्य खोडत. काकी आतून तांदळाच्या भाकरी आणून ठेवत आणि म्हणत, "त्या बिचाऱ्याला आधी खाऊ दे, अळ्या पळून नाय जात." त्या पाच ओळींसाठी सरांनी 'आश्रयपट्टा' असा शब्द शोधला होता. बाबा पलीकडून म्हणाले, "एवढं काहून लांबवता? अळीचा वाटा म्हणा ना." सरांनी तोच मथळा केला. पत्रक सुवाच्य लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या चुकलेल्या वेलांट्या सर पेन्सिलने दुरुस्त करत आणि एका शब्दानेही हिणवत नसत. आज मी चार ओळी लिहू शकतो ते त्या रविवारांमुळे.

माझी भीती त्यांना लवकरच कळली. मी एकदा विचारलं, भजी सरकीच्या तेलात तळतात, मग ते बीटी माझ्या पोटात जाऊन काही होईल का? सर म्हणाले, "तू भज्यांच्या तेलाला घाबर, ते किती वेळा तापवलंय त्याला घाबर." पण टाळलं नाही त्यांनी. तेलात ते विष जवळजवळ उतरतच नाही, हे समजावलं. म्हणाले, घाबरणं वाईट नाही, पण नेमकं घाबरावं. प्रत्येक नव्या बियाण्याला वेगळं विचारावं: हे कोणी तपासलं? विकणाऱ्यानेच की दुसऱ्या कोणी? याचे परागकण शेजारच्या शेतात, रानातल्या त्याच्या भाऊबंदांत जातील का? तणनाशक सोसणारं असेल तर शेतकरी तणनाशक जास्त मारत सुटेल का? आणि एकदा परवानगी दिली की पुढे त्याच्याकडे बघत कोण राहणार? "परवानगी देताना सगळे हुशार असतात रे. नंतर शेतात कोन जातो? तुझ्यासारखी घाबरट माणसं आमच्या खात्यात पायजे होती." घाबरट असल्याबद्दल माझं कौतुक करणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

सर जीएमच्या विरुद्ध नव्हते आणि भक्तही नव्हते. त्यांचं एकच म्हणणं होतं. गुलाबी बोंडअळी आता बीटी पचवते, तिथे आपण हरलो, पण उद्या दुसरं पीक येईल, तेव्हा तरी नीट वागू. अळीचा वाटा अख्ख्या गावाने मिळून ठेवावा, त्या ओळींतलं नुकसान बियाणं विकणाऱ्याने भरून द्यावं, हंगाम संपला की आणखी एका वेचणीच्या आशेने फरदड न ठेवता वाळलेल्या पऱ्हाट्या उपटाव्यात, आणि शेतकऱ्याला कारण त्याच्या भाषेत सांगावं, तो ऐकतो. त्यांचं हे शेवटचं म्हणणं कोणी मान्य करत नसे. म्हणून त्यांनी साध्या कपाशीचं बियाणं मिळवलं आणि मी ते गावी पाठवलं. बाबांनी खरंच पाच ओळी लावल्या. बोंडं धरल्यावर त्यांनी पुतण्याकडून फोटो काढून पाठवला. ओळींच्या पुढ्यात बाबा धुतलेली टोपी घालून ताठ उभे. सरांनी तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला... खारघरच्या एका कॉलेजात त्यांचं भाषण होतं, तिथे तो दाखवायचं ठरलं. मी दुकानात त्याची मोठी प्रत काढली आणि भाषणाच्या दिवशी ती घेऊन निघालो.

वाटेत बाबांना फोन केला. म्हटलं, तुमचा फोटो आज सगळे बघणार. बाबा खूश झाले. "बघू दे ना. एक अळी दिसन त सांग. दोन डाव फवारलं म्या." मी रस्त्यातच थांबलो. म्हटलं, बाबा, तिथं फवारायचं नव्हतं, पत्रकात लिहिलं होतं, तुम्हीच तर ऐकलं होतं. बाबा म्हणाले, "मालूम हाये मले. पण साहेबाचं बियाणं होय थे. रस्त्यावरून लोकं बघतेत. साहेबाच्या कपाशीले अळी लागू देऊ का म्या?"

भाषणाला थोडाच वेळ होता. मी धावत कॉलेजवर पोहोचलो. सर दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मला काहीही लपवता येत नाही. मी प्रत हातात दिली आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं. एक दिवस थांबता आलं असतं. नुसतं भाषण होऊन जाईपर्यंत थांबता आलं असतं... सर फोटोकडे बघत राहिले. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले आणि आत गेले. तिथे त्यांनी फोटो लावला आणि पहिलंच वाक्य बोलले, "या ओळी फवारलेल्या आहेत, हे मला आत्ताच कळलं. मी जे सिद्ध करायला आलो होतो ते झालेलं नाही." पुढे ते कारणाकडे येणार होते. पण मागून एका पोराने विचारलं, "म्हणजे सर, तुमचा एकच शेतकरी होता, त्यानेपण नाही ऐकलं?" हॉल हसला. वाईट हसला नाही, पोरं हसतात तसाच. पण सरांचा धागा तुटला. ते कागद चाळत राहिले, हवं ते पान सापडेना, आणि मग "एवढंच" म्हणून खाली बसले.

येताना मेट्रोत आम्ही शेजारी बसलो होतो. मी बाबांचं वाक्य पुन्हा सांगितलं, यावेळी जसंच्या तसं. सर हसले, पण अर्धेच. "म्हंजे माझ्या इज्जतीसाठी मारल्या त्यांनी. आणि मी इज्जतीचा रकाना धरलाच नव्हता." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बाबांना रागवू नको." बेलापूरला उतरल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गावाकडे चालत गेले. तीच शेवटची भेट. पुढचे रविवार मी गेलो नाही. वाटायचं, मला बघितलं की त्यांना तो हॉल आठवेल. दुकानात त्यांच्यासारखा कोणी दिसला तर मी मशीनमागे वाकायचो. तेही आले नाहीत. मग काकींचा फोनच आला.

परवा काकींनी बोलावलं म्हणून गेलो. चहा घेताना एकदाचं बोललो, "काकी, मी तेव्हाच सांगायला नको होतं." मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. काकी म्हणाल्या, "खचले होते ते, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी जेवले नाय. पण तू मागाहून सांगितलं असतंस ना, तर तुला दारात उभा केला नसता त्यांनी." डॉक्टर म्हणाले होते की हृदय आधीपासूनच दमलेलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. त्यातलं कुठलं वाक्य धरावं ते मला अजून कळत नाही. रात्री 'खचले होते ते' आठवतं, सकाळी 'दारात उभा केला नसता'. "आणि रविवारी का नाय आलास?" त्यांनी विचारलं. मी कप खाली ठेवला. "वाट बघायचे," एवढंच बोलून त्या उठल्या.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. सर गेल्याचं कळल्यापासून ते रोज करतात आणि रोज एकच विचारतात. मी काही बोलायच्या आत काकींनी फोन घेतला आणि आपण कोण ते सांगितलं. स्पीकरवर बाबांचा आवाज आला, "बाई, माह्यामुळं झालं काय हो?" काकी म्हणाल्या, "तुमच्यामुळं नाय आणि या पोरामुळंपन नाय. पण औंदा त्या ओळींवर औषध मारू नका." बाबा म्हणाले, "नाही मारत. पण लोकं हासले त?" काकी म्हणाल्या, "माझं नाव सांगा. म्हणावं, बेलापूरच्या बाईच्या अळ्या हायत, ती येनार हाय बघायला." पलीकडून बाबा पहिल्यांदाच हसले. "या मंग. अळ्यायले सांगून ठेवतो."

फोन ठेवून काकी मला आत घेऊन गेल्या. फळीवर मेथीदाण्याच्या बरणीला लागून स्टीलचा डबा होता, त्यात बाबांना पाठवून उरलेली साध्या कपाशीची सरकी. सर रोज सकाळी दात घासून झाले की झाकण काढून बघायचे, कीड तर लागली नाही ना. "आता मी बघते. हात आपोआप जातो," काकी म्हणाल्या, आणि माझ्यादेखत त्यांनी झाकण काढलं, बोटांनी सरकी खालीवर केली, वास घेतला. "एवढी वर्षं या मानसाच्या तोंडून अळी ऐकली. शेतात जिवंत अळी नाय बघितली मी." मग एका पिशवीत सरकी ओतून त्यांनी ती माझ्या हातात दिली. थोडी डब्यातच ठेवली.

काकी, तुम्ही मला पहिला फोन केलात आणि खरंही सांगितलंत. याची फेड माझ्याकडून कधी होईल ते मला माहीत नाही. पण एक दिवस तुम्हाला आमच्या बांधावर नेईन. पाच ओळी असतील, कोणीही न फवारलेल्या. त्यातलं किडलेलं बोंड फोडून मी तुमच्या हातावर ठेवीन.