हौदातून कोणी कोणाला काढलं

हॅटी ब्रुबेकर मोंटानात गुराढोरांत वाढली. दहाव्या वर्षी उधळलेला घोडा आवरणारी, बर्फ वितळायच्या दिवसांत नदी पोहून जाणारी. असल्या पोरीला हॉलिवूडनं काम काय द्यावं? किंचाळण्याचं! नाव झालं लोरेना व्हेल, वय झालं बावीस, आणि पुढची बारा वर्षं ते बावीसच राहिलं. एकवीस चित्रपटांत तिला खांबाला बांधलं, चाच्यांनी पळवलं, दलदलीत बुडवलं. दलदल म्हणजे ओटची पेज. घोड्यावर बसायची वेळ आली की ऑर्व्हिल नावाचा मिशाळ गडी केसांचा टोप चढवून तिच्या जागी बसायचा. नायिकेची हाडं मोडतील, ही कंपनीला काळजी. ऑर्व्हिलची बहुधा भाड्यानं आणलेली होती.

एकोणपन्नास साली तिचा करार संपत आला. नवा मिळाला नाही तर पुन्हा गुरांमागे. चौतिशीतल्या बावीस वर्षांच्या मुलीला दुसरं कोण विचारणार?

त्याच आठवड्यात जहाजफुटीचा प्रसंग होता. नायक ड्वेन थॉर्नबी, पडद्यावर सात समुद्रांचा सरदार, स्टुडिओच्या हौदात उतरला आणि धोंड्यासारखा तळाला गेला. सरदारसाहेबांना पोहता येतं का, हे विचारायची कोणाची छाती? लोरेनानं सूर मारला आणि मानगुटीला धरून त्याला काठावर आणून टाकलं.

"अगं बाई, तो वाचवतो तुला!" दिग्दर्शक ओरडला.

"मग सांग की त्याला. थांबते मी."

संध्याकाळी प्रसिद्धीखात्याचा मर्व्ह क्लाइन बातमी टाइप करूनच आला: थॉर्नबीनं लोरेनाला बुडताना वाचवलं.

"सही कर, राणी. नाहीतर करार विसर."

"सात वर्षांचा आण. आणि ही गोष्ट त्यानंच सांगायची. दर वेळी, माझ्यासमोर."

"एवढंच?"

बिचाऱ्याला एवढंच वाटलं.

मग काय, प्रत्येक मेजवानीत थॉर्नबी उठायचा. लाटा दरवर्षी वाढत गेल्या. लोरेना हनुवटीखाली हात घेऊन कौतुकानं विचारायची, "ड्वेन, आधी उजवा हात मारलास की डावा? दाखव ना रे सगळ्यांना!"

"दाखवा, दाखवा!" पाहुणे.

आणि सरदार सूपच्या वाडग्यांमध्ये हात झोडायचा.

तिसऱ्या वर्षी त्यानं हात टेकले. "हॅटी, मला पोहायला शिकव."

"शिकवते की. पण बातमीत कोण कोणाला शिकवतंय, तेवढं मर्व्हला विचारून ये."