सात सूचना आणि एक टीप

काही वर्षांपूर्वी दादरला एका शाळेच्या मैदानावर जुन्या यंत्रांचे प्रदर्शन भरले होते. तेथे रॉकेलवर चालणारा एक जुना ट्रॅक्टर ठेवला होता. त्याला ताजा लाल रंग दिलेला होता आणि चाकांना तेल लावून चकाकी आणली होती. लोक त्याच्या तोंडापुढचे लोखंडी हँडल धरून छायाचित्रे काढून घेत होते. मी बराच वेळ तेथे उभा होतो. माझे लक्ष कोणाच्याही चेहऱ्याकडे नव्हते. मी प्रत्येकाचा अंगठा पाहत होतो.

आजच्या वाचकाला हे हँडल समजावून सांगणे आवश्यक आहे. त्या काळच्या ट्रॅक्टरला किल्ली नव्हती. यंत्राच्या पुढच्या भोकात हँडल घालायचे, ते खालून वर झटक्याने ओढायचे आणि इंजिन पेटले की हात बाजूला घ्यायचा. ठिणगी योग्य वेळी पडली तर सारे सुरळीत होते. ती वेळेआधी पडली, तर इंजिन उलटे फिरते आणि हँडलही त्याच्याबरोबर उलटे येते. घोड्याच्या लाथेत असते तेवढे बळ त्या फटक्यात असते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील एका उन्हाळ्याची ही हकिकत आहे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि परळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवीत होतो. करी रोडच्या चाळीत मधले भाऊ, म्हणजे आमचे अण्णा, आणि वहिनी यांच्याकडे राहत होतो. अण्णा गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. थोरले दादा सातारा जिल्ह्यातल्या गावी शेती पाहत. आम्हा दोघांचे शिक्षण आणि नोकऱ्या त्यांच्या नांगरामागून आल्या होत्या, आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवले नव्हते.

आमची जमीन काळी, कसदार, आणि म्हणूनच कुंद्याची लाडकी. कुंदा हे तण वरून गवतासारखे साधे दिसते. मुळे मात्र कमरेइतकी खोल जातात. ती उपटायची तर उन्हाळ्यात लोखंडी नांगर खोल घालावा लागतो आणि त्याला तीन बैलजोड्या जुंपाव्या लागतात. आमची एकच जोडी होती. उरलेल्या दोन भावकीतून येत. त्या दिवशी घरात पुरणाचा स्वयंपाक असे. आई न्याहारीची पाटी डोक्यावरून बांधावर आणी आणि सहा बैलांच्या मागे दादा रुमणे धरून चालत. रुमणे म्हणजे नांगराची मूठ. दादा ती अशी आवळून धरत की चार बोटांवर अंगठा कुलपासारखा बसे. नांगर दगडाला अडखळून उसळला तरी ती मूठ सुटत नसे. लहानपणी मी त्या मुठीकडे पाहिले की मला जगात कशाचीही भीती वाटत नसे.

पुढे भावकीत वाटण्या झाल्या आणि जोड्या कमी झाल्या. एका हिवाळ्यात आमचाही एक बैल घटसर्पाने गेला. दोन वर्षांत कुंद्याने शेताचा अर्ध्याहून अधिक भाग गिळला. दादांनी पत्रात एकच ओळ लिहिली होती : ‘यंदा नांगर लागला नाही तर हे रान आपले राहणार नाही.’

आमच्या चाळीमागे लाकडाची एक वखार होती. तिच्या कोपऱ्यात, युद्धाच्या काळात विमाने ओढण्यासाठी आणलेला एक ट्रॅक्टर गंजत पडला होता. अण्णांनी वखारवाल्याची करवतीची यंत्रे दुरुस्त करून दिली आणि त्या बदल्यात तो मागून घेतला. वर्षभर सुटीच्या प्रत्येक दिवशी ते त्याच्या पोटात हात घालून बसलेले असत. शेवटी तो सुरू झाला तेव्हा संपूर्ण चाळ गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली. तो ठक्‌ठक्‌ आवाज, तो रॉकेलचा वास! खरे सांगायचे तर इतके सुंदर यंत्र मी नंतर कधी पाहिले नाही.

ट्रॅक्टरबरोबरचे पुस्तक इंग्रजीत होते. अण्णा म्हणाले, “मास्तर, दादांसाठी मराठीत लिहून काढ. मी सांगतो तसं.”

त्यांनी सांगितले, मी टिपून घेतले. बोलता बोलता ते थांबले आणि त्यांनी हाताचा पंजा माझ्यापुढे धरला. “हे नीट लिही. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. मूठ मिटायची नाही. उलटा दणका बसला तर हँडल हातातून निसटलं पाहिजे. हात आत अडकला, की गेला.”

मी ते नीट लिहिले. जुन्या नकाशाच्या मागच्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने, वळणदार अक्षरात सात सूचना उतरवल्या. त्यांच्याखाली रेघ मारली आणि रेघेखाली लिहिले : ‘टीप. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूस ठेवावा. मूठ मिटू नये.’ ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला तसेच शिकवले होते. आधी साहित्य, मग कृती, टीप शेवटी. अण्णांनी तो पुठ्ठा पाहिला आणि मान डोलावली. अक्षर चांगले आले होते.

चैत्रात दादा आले. मुंबईत त्यांना झोप येत नसे. नाक्यानाक्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या असत. भिंतींवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या असत. दिवसाआड कोठे तरी अश्रुधूर सोडला जाई आणि गॅलरीत ओल्या फडक्यांची बादली भरून ठेवावी लागे. दादा त्या बादलीकडे पाहून म्हणत, “हितं पाणीबी डोळ्यांसाठीच राखून ठेवत्यात व्हय?”

वखारीच्या अंगणात अण्णा त्यांना ट्रॅक्टर शिकवू लागले. हँडल अण्णा मारत आणि दादा वर बसत. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर लाकडाच्या थप्पीकडे निघाला, तेव्हा दादांनी सुकाणूचे चाक दोन्ही हातांनी छातीकडे ओढले आणि ओरडले, “हो, हो, हो! थांब की रं!”

“अहो दादा, त्याला वेसण नाही!” अण्णा मागून धावत होते. “पाय दाबा, पाय!”

“मग तसं त्येला सांग की! माझं ऐकंना त्यो!”

वखारीतले हमाल हसून हसून खाली बसले. चार दिवसांत मात्र दादा तो सफाईने फिरवू लागले. हँडल मारण्याचा धडा तेवढा राहिला होता. तो रविवारी घ्यायचा असे ठरले.

शुक्रवारी अण्णा मोर्च्याला गेले आणि त्यांच्या तुकडीबरोबर पकडले गेले. शनिवारी वहिनी भाकरी घेऊन चौकीवर जाऊन आल्या. डबा तसाच परत आला होता, पण निरोप पोहोचला होता.

“भावजी, त्यांनी सांगितलंय, दादास्नी म्हणावं, मी सुटून येईस्तवर हँडलला हात लावायचा न्हाई.”

“वहिनी, काळजी करू नका,” मी म्हणालो. “सगळं लिहून ठेवलंय.”

हे वाक्य मी ज्या सुरात उच्चारले, तो सूर मला अजून ऐकू येतो.

सोमवारी सकाळी आमच्या भागातला एक ट्रकवाला वखारीत आला. मुंबईत गूळ उतरवून त्याचा ट्रक रिकामा परत जात होता. बुधवारपासून पुन्हा बंद होता. रस्ते केव्हा मोकळे होतील हे कोणी सांगू शकत नव्हते. “आत्ता चढवा, न्हाईतर पावसाळ्यात न्या,” तो म्हणाला. ट्रकला जाड फळ्या लावल्या होत्या. ट्रॅक्टर ढकलून चढवण्यासारखा नव्हता. तो स्वतःच्या बळावर चढायला हवा होता.

दादांनी माझ्याकडे पाहिले. “मास्तर, आण तुझा पुठ्ठा.”

“अण्णांचा निरोप—”

“त्याला सुटायला महिना लागला तर? पाऊस काय त्याच्या जामिनासाठी थांबणार हाय? तू वाच. तू वाचशील तसं मी करतो.”

मी त्यांना थांबवायला हवे होते. पण सकाळचे आठ वाजले होते, पुठ्ठा माझ्या हातात होता आणि माझा त्याच्यावर विश्वास होता. मी वर्गात श्रुतलेखन देतो तसा, एकेक सूचना दोनदा वाचू लागलो.

“एक. गिअर मोकळा असल्याची खात्री करावी.” दादांनी दांडा हलवून पाहिला. “दोन. पेट्रोलची तोटी उघडावी.” त्यांनी उघडली; यंत्र पेट्रोलवर सुरू होई आणि तापले की रॉकेलवर चाले. तिसरी सूचना ठिणगीची कळ मागे घेण्याची. ती त्यांनी मागे घेतली. चौथी, पाचवी. दादा एखाद्या सरळ विद्यार्थ्यासारखे वागत होते. ऐकले की करत, करून झाले की माझ्याकडे पाहत. “सहा. हँडल भोकात घालून आत दाबावे.” त्यांनी दाबले. आणि मग त्यांनी ते रुमण्यासारखे धरले. चार बोटे, त्यावर अंगठा. कुलूप लागले.

मी ते पाहिले. त्या मुठीत मला लहानपणी दिसायचे तेच दिसले, आणि मी पुढची ओळ वाचली.

“सात. हँडल खालून वर झटक्याने ओढावे.”

मी क्रमाने वाचत होतो. टिपेची पाळी अजून आली नव्हती.

प्रथम मोठा बार झाला. ठिणगीच्या कळीचे दाते झिजल्याने ती आपोआप पुढे सरके आणि ठिणगी वेळेआधी पडे, म्हणून अण्णा ती दर वेळी सुतळीने बांधून ठेवत, हे मला नंतर कळले. ते त्यांच्या हातांना माहीत होते. सांगण्यातून राहून गेले होते. हँडल उलटे आले. मूठ सुटली नाही. एखादी वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज मी ऐकला, आणि नंतर दादांची एकच हाक : “आई!”

त्या क्षणी आमच्या तीन मजली चाळीच्या सगळ्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. त्या दिवसांत बार आणि त्यामागून किंकाळी ऐकली की लोक एकच अर्थ लावीत. वखारीतले हमाल थप्पीमागे आडवे झाले. ट्रकवाला गाडीखाली सरपटला. अंगणात मी, दादा आणि ट्रॅक्टर एवढेच उरलो. दादा गुडघ्यावर बसले होते. त्यांचे मनगट नको त्या दिशेला वळले होते आणि अंगठा हाताच्या मागे गेला होता. सर्वप्रथम वहिनी धावत आल्या. त्यांनी विचारले, “गोळी कुठं लागली?”

परळच्या इस्पितळात त्या दिवसांत जखमींची नावे टिपायला पोलीस बसलेले असत. एका हवालदाराने दादांकडे पाहिले. “दगड मारताना मोडला काय हात?”

“न्हाई,” दादा दात आवळून म्हणाले. “हँडल मारताना.”

हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली. “कसलं हँडल?”

दादांनी माझ्याकडे बोट दाखवले. “मास्तरास्नी इचारा. त्यांनी समदं लिहून ठेवलंय.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. पुठ्ठा अजून माझ्या हातातच होता. मी तो पाठीमागे लपवला.

प्लॅस्टर दोन महिन्यांनी निघाले. मनगट जुळले, पण अंगठा कायमचा बाहेरच्या बाजूला ताठ राहिला. तो बोटांवर पुन्हा कधी आला नाही. त्या वर्षी शेताला नांगर लागला नाही. पाऊस आला आणि कुंदा विहिरीच्या काठापर्यंत पोहोचला. अण्णा सुटून आले तेव्हा त्यांनी पुठ्ठा मागून घेतला. सात सूचना वाचल्या, रेघेवर बोट ठेवले, खालची टीप वाचली आणि पुठ्ठा परत दिला.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा स्वतः ट्रॅक्टरबरोबर गावी गेले आणि काळ्या रानात खोल नांगर लागला. आई पूर्वीसारखीच न्याहारीची पाटी घेऊन बांधावर आली, फक्त आता बैलांचे पाणी आणायचे नव्हते. दादा ट्रॅक्टरवर बसत. सुकाणूला तळहात पुरे होता. रुमणे, कासरा, विळा, दुधाची धार हे सारे त्यांच्या उजव्या हाताने सोडले होते. भावकीतली जी पोरे हँडल मारायला येत, त्यांच्यासाठी मी नवा पुठ्ठा तयार केला. त्यात अंगठ्याची सूचना सर्वांत वर, लाल शाईने लिहिली. ट्रॅक्टर आता गोठ्यात उभा असे, पण दादांनी तो पुठ्ठा तेथे लावू दिला नाही. जुनाच खिळ्याला टांगला.

मी सुटीत गावी गेलो की नांगरटीच्या सकाळी ते मला गोठ्यात बोलावत. “वाच, मास्तर.”

मी वाचत असे. एक, दोन, तीन. हँडलजवळ जो कोणी उभा असेल तो ऐके आणि तसे करी. सहावीपर्यंत सारे बोलत, हसत असत. सातवी यायची वेळ झाली की मी थांबे आणि सारे दादांकडे पाहत. मग दादा आपला उजवा हात वर धरत, सर्वांना तो ताठ अंगठा दिसेल असा, आणि टीप स्वतः म्हणत. तोंडपाठ, माझ्याच शब्दांत, एकही शब्द न चुकता. ती म्हणून झाल्यावर ते माझ्याकडे वळत.

“हं. आता वाच सातवी.”