देवळातलं धान्य

आमच्या गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, पण देऊळ मात्र दगडी. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. तिसगावच्या रस्त्याला, उंच जोत्यावर, वर पत्रा आणि आत फरशी. बहात्तरच्या दुष्काळात तेच अंगाशी आलं. परदेशातून आलेली लाल ज्वारी ठेवायला तालुक्याच्या साहेबांना कोरडी, कुलूप लागेल अशी जागा हवी होती आणि गावात तशी दुसरी नव्हती.

माझे वडील शाळेत मास्तर आणि देवळाचे पंच. ‘गुरुजी, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही’ म्हटलं की ते विरघळायचे. साहेबांनी नेमकं तेच म्हटलं आणि वडिलांनी ओट्यावर बसल्या बसल्या होकार देऊन टाकला.

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “इचारलं का कुनाला?”

“लोक उपाशी आहेत. देवाला काय, झाडाखालूनही ऐकू जातं.”

“देवाचं मी म्हनतच न्हाई. आमी बसायचं कुठं?”

आठवड्याभरात गवंडी आले. उंदीर शिरू नयेत म्हणून त्यांनी खिडक्या दगडमातीनं बुजवल्या. ट्रक थेट दाराला लागावा म्हणून पायऱ्या फोडून उतार केला. बाकं शाळेत गेली. दाराला मोठं कुलूप लागलं आणि कुलपावर लाखेचं सील. मला तर ट्रकची गंमतच वाटायची. दर रविवारी आम्ही लिंबाखाली उपासनेला बसायचो, आणि आई मुद्दाम देवळाकडे पाठ करून बसायची.

उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन गावात कावीळ पसरली. आईलाही झाली. तिचं लग्न त्याच देवळात लागलं होतं, माझा आणि धाकट्या भावाचा बाप्तिस्माही तिथलाच. शेवटी शेवटी तिनं वडिलांचा हात धरून एकच मागितलं.

“मला घरातनं थेट मातीत नेऊ नका. आदी देवळात ठिवा. घडीभर.”

“ठेवतो,” वडील म्हणाले. मी उशाशीच होते.

ती रविवारी सकाळी गेली. गोदामाचा कारकून किल्ली घेऊन आदल्या दिवशीच आपल्या गावी गेलेला, तो सोमवारी येणार. त्या उन्हात तोवर थांबणं शक्य नव्हतं. पेटी देवळाच्या दारापर्यंत नेली, पण पायऱ्या नव्हत्या. ट्रकच्या उतारावर पेटी घसरायला लागली, तेव्हा तिच्याखाली दगड लावावे लागले.

शेजारचे शेतकरी काका पहार घेऊन आले. “गुरुजी, तुमी नुसतं व्हय म्हना. कुलूप मी तोडतो. कुनी इचारलं तर माजं नाव सांगा.”

वडील कुलपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सील तुटलं तर पंचनामा होईल. उद्याचं वाटप थांबेल, आठ दिवस तरी. नको.”

“तुम्ही तिला शब्द दिलाय!” मी सगळ्यांसमोर ओरडले.

“हो,” ते म्हणाले.

पाळकांनी तिथेच उन्हात प्रार्थना केली आणि आम्ही तिला घेऊन गेलो. या माणसाला जन्मात क्षमा करायची नाही, असं मी वाटेत ठरवलं.

सोमवारी वाटप झालं. घरात पीठ नव्हतं, म्हणून वडिलांमागे मीही रांगेत उभी राहिले. आत दिवसाढवळ्या अंधार होता, पोत्यांचा आणि कीडनाशक पावडरीचा वास नाकात बसत होता. लग्नात नवरानवरी उभी राहतात त्याच जागी आढ्याला तराजू टांगला होता. वडील त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“खाणारी किती?” कारकुनानं विचारलं.

“चार,” वडील म्हणाले. कारकुनानं पारड्यात चौघांची ज्वारी ओतली.

ते खोटं बोलले की सवयीनं बोलून गेले, मला आजही सांगता येणार नाही. त्यांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पण माझा राग कालचाच होता. मी मागून मोठ्यानं म्हणाले, “तीन.”

कारकुनानं पारड्यातली थोडी ज्वारी काढून परत पोत्यात टाकली. वडील वळले नाहीत. तिथेच, सगळ्या रांगेसमोर, गदगदून रडले. ‘चार’ म्हणून वडिलांनी आईला घडीभर देवळात आणलं होतं, आणि मी तिला बाहेर काढलं.