म्हैस आधी मागून उठते

माझी मुलगी चित्रं हलवते. कोणी विचारलं की मी आधी "कंप्युटरमध्ये आहे" असं सांगायचो, म्हणजे पुढचा प्रश्न येत नसे. मी चौथी नापास, तीही दोनदा. तेव्हा तिचा कोर्स कसला होता ते मला विचारू नये. पुण्याला नोकरी लागली, तिथे जाहिरातीतल्या एका सशाचे कान हलवायचं काम तिच्याकडे होतं. पाच वर्षं कान हलवले. मग एक दिवस बॅगा घेऊन नाशिकला परत.

"दादा, आता माझा सिनेमा. लिहिणार मी, डायरेक्टर मीच."

"आणि कान कोण हलवणार?"

"ते पण मीच."

वरच्या खोलीत तिने टेबल टाकलं. तीन वर्षं मी खाली मळ्यात झेंडू तोडला, ती वर चित्रं काढत बसली. जेवायला तेवढी खाली यायची.

सिनेमा सात मिनिटांचा, आणि गोष्ट माझीच निघाली. ही शाळेत होती तेव्हा आमची म्हैस पेठ रोडवर मधोमध बसली. एक ट्रकवाला ओरडला, "ए म्हाताऱ्या, उचल तुझी म्हैस!" मी तेव्हा म्हातारा नव्हतो, हा मुद्दा होता. मी म्हशीशेजारी बसलो. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. मागच्या एका बसमध्ये ही होती, लाजेने सीटखाली डोकं घालून. म्हैस अर्ध्या तासात उठली. ट्रकवाल्याने माफी मागेपर्यंत मी उठलो नाही.

तिने मला दाखवला, तेव्हा त्यात दोघांना एकदमच उठवलं होतं. ते मी चालवून घेतलं, कारण त्यातला म्हातारा झेंड्याच्या खांबासारखा ताठ उठत होता. पण म्हैस उठली तसा मी म्हणालो, "थांबव."

"काय झालं?"

"ही घोड्यासारखी उठली. पुढचे पाय आधी. म्हैस आधी मागून उठते."

"दादा, कोणाच्या लक्षात येणार नाय."

"माझ्या आलं."

"अहो, तेवढ्यासाठी पन्नास चित्रं परत काढावी लागतील. महिनाअखेर महोत्सवाला पाठवायचाय."

"मग घोडा ठेव. म्हैस कशाला ठेवली?"

तिची आई म्हणाली, "पोरीने तीन वर्षं मान मोडली, आन् तुम्ही पाय मोजत बसले."

"असतं तसं काढ," मी म्हणालो, "नायतर माझी गोष्ट मला परत दे."

दोन दिवस तिने ताट वर मागवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चला, म्हैस दाखवा."

आमच्याकडे आता म्हैस नाही, म्हणून शेजारच्या गोठ्यात गेलो. ती मोबाइल काठीला लावून उभी राहिली. म्हैस रवंथ करत बसलेली. मीही बसलो, म्हशीशेजारी बसायची मला सवय आहे. तासाभराने म्हैस उठली. मग बसून काय करायचं, म्हणून मीही उठलो.

महिना संपायला एक दिवस असताना तिने परत दाखवलं. म्हशीने मागचे पाय ताठ केले, पुढच्या गुडघ्यांवर जरा थांबली, मग पुढचे पाय टाकले. अगदी बरोबर. पण शेजारचा म्हातारा बदलला होता. त्याने दोन्ही पंजे जमिनीला टेकले, ढुंगण आधी वर केलं, काहीतरी हरवलेलं शोधावं तसा तिथेच थांबला, मग एक हात गुडघ्यावर ठेवून "आई आई गं" करत उभा राहिला.

"हा कोण?"

"तुम्ही."

"मी असा उठत नाय."

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. गोठा. पुढे म्हैस, मागे मी. दोघंही उठत होतो. एकाच पद्धतीने. तिच्या आईला हसताना दाराचा आधार घ्यावा लागला.

"आधीचा म्हातारा बरा होता," मी म्हणालो.

"तो घोड्यासारखा उठत होता."

तिने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. "दादा, चेहरा तुमचा हाय. तुम्ही नाय म्हणाले तर मी नाय पाठवत. पण त्याला परत ताठ नाय करणार."

सशावाल्यांचा फोन त्या आठवड्यात दोनदा येऊन गेला होता, हे मला माहीत होतं. मी नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा कान हलवायला गेली असती.

"परत लाव," मी म्हणालो. तीनदा बघितलं. चूक शोधत होतो. सापडली नाही.

"म्हैस बरोबर हाय."

"आन् म्हातारा?"

"म्हशीला बघूनच उठतोय ना तो? मग बरोबर असंल."

तिने पाठवला. घेतला त्यांनी. पुढे नाशिकच्या एका हॉलमध्ये दाखवला, तेव्हा पडद्यावर मी उठलो आणि सगळा हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "आमचे आबा डिट्टो!" नंतर ती स्टेजवर गेली आणि माइकवर म्हणाली, "ते म्हातारबाबा इथंच बसलेत." सगळ्या माना वळल्या.

खुर्ची मऊ होती, खोल होती. मी हात न टेकता उठलो. ताठ, खांबासारखा. टाळ्या पडल्या, हसलं कोणी नाही. कमरेत जे काय झालं ते मी घरी जाऊन बघणार होतो.

मी परत बसलो, ती येऊन शेजारी बसली. माझ्या कानाशी वाकली.

"घोडा," ती म्हणाली.

मी पडद्याकडे बघितलं. दुसऱ्या कोणाचा सिनेमा सुरू झाला होता. त्यात ससा होता. कान बरे हलत होते.